‘वाजवी’ म्हणजे किती?

 

परवा आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात चहाच्या वेळी चांगलीच वादावादी झाली. विषय होता कुपात खोलीमचा. एका काकांना मोतीबिंदूसाठी चार महिन्यांनंतरचा तोर मिळाला होता. दुसरे म्हणाले, "पूरक विमा घ्या, खाजगीत जा, पंधरा दिवसांत मोकळे व्हाल." त्यावर एक बाई उसळल्या, "किझबात घर चालवू, का विमे भरत बसू?" शेवटी सगळे आमच्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं नर्स होता. सांगा, पूर्वी बरं होतं की आता बरं आहे?"

आम्ही बिस्किट चहात बुडवून वेळ मारून नेली. आज उत्तर देतो.

पूर्वीची गोष्ट आधी. 1995 पर्यंत या देशात आरोग्य विमा सक्तीचा नव्हता. सर्वात मोठी कुपा, म्हणजे क्लालीत, हिस्ताद्रुत या कामगार संघटनेची होती. हिस्ताद्रुतची वर्गणी भरायची, त्यातूनच दवाखाना मिळायचा. बहुतेक लोक कुठल्या ना कुठल्या कुपात होते, पण शंभरातले पाचेक जण कुठेच नव्हते. लहान कुपांना तरुण, धडधाकट सभासद हवे असत. म्हाताऱ्या नि आजारी माणसाला "नाही" म्हणायला त्यांना कायद्याची आडकाठी नव्हती.

आता आमच्या मनातली एक गोष्ट सांगतो. आजवर ती कुणाला सांगितली नाही. 1986 चा हिवाळा होता. आम्ही दवाखान्याच्या टेबलावर होतो. आपल्याच समाजातला एक गृहस्थ सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आला. त्याची गिरणीतली नोकरी सुटली होती, वर्गणी कित्येक महिने थकली होती. नियम असा की आधी पावती, मग डॉक्टर. पावती देणारं ऑफिस तर बंद झालेलं. तो हळूच मराठीत म्हणाला, "बाई, पोरगी तापानं फणफणलीय हो." मराठीत अशासाठी, की रांगेतल्या लोकांना कळू नये. आणि आम्ही त्याला नियम सांगितला, तोही हिब्रूत, सर्वांना ऐकू जाईल असा.

ड्यूटी संपल्यावर मन राहीना. त्याच्या घरी गेलो, पोरीला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं. न्युमोनिया निघाला. देवाची कृपा, मुलगी वाचली. इस्पितळाचं बिल तो दीड वर्ष हप्त्यांनी फेडत होता. त्यानं आम्हाला कधी बोल लावला नाही. पण आपण हिब्रूत उत्तर दिलं, हे आम्ही विसरलो नाही.

याच सुमारास कुपा कर्जात बुडत होत्या, संप होत होते. 1988 मध्ये सरकारने न्यायमूर्ती शोशाना नेतान्याहू यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. 1990 मध्ये आयोगाने सांगितलं की प्रत्येक रहिवाशाला कायद्यानेच विमा द्या. झालं, भांडण पेटलं! हिस्ताद्रुतच्या पुढाऱ्यांना भीती, की दवाखाना सुटला तर सभासदही सुटतील. आरोग्यमंत्री हायिम रामोन यांना स्वतःच्याच मजूर पक्षाने साथ दिली नाही, तेव्हा 1994 च्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा दिला. मग ते हिस्ताद्रुतचीच निवडणूक लढले आणि जिंकले! जूनमध्ये कायदा मंजूर झाला आणि 1 जानेवारी 1995 पासून लागू झाला.

खरं सांगायचं तर आम्ही त्या कायद्याच्या विरोधात होतो. हिस्ताद्रुतचे सभासद ना! संघटना मोडेल, आमच्या नोकऱ्या जातील, असं चहाच्या खोलीत रोज चाले. आमचं मत कुठल्या पुढाऱ्याच्या भाषणाने बदललं नाही. 1995 मध्ये आमचं टेबल तेच राहिलं, फक्त पावती मागायची बंद झाली. तेव्हा त्या गृहस्थाची आठवण झाली आणि आमचं आम्हालाच कळलं, की आपण चुकीच्या बाजूला उभे होतो.

आता चारही कुपांना, म्हणजे क्लालीत, मक्काबी, मेउखेदेत आणि लेउमीत यांना, येईल त्या रहिवाशाला घ्यावंच लागतं. वय बघायचं नाही, आजार बघायचा नाही. आरोग्य कर बितुआख लेउमी गोळा करते. तो थकला तरी दवाखान्याचं दार बंद होत नाही. म्हाताऱ्या सभासदामागे कुपाला पैसेही जास्त मिळतात. म्हणून, मंडळींनो, पूर्वीपेक्षा आता बरंच बरं आहे.

मग काकांचा तोर? तिथे खरी ग्यानबाची मेख आहे. कायद्याच्या पहिल्याच कलमात न्याय, समानता आणि परस्पर साहाय्य असे तीन मोठे शब्द आहेत. पुढे म्हटलंय की सेवा वाजवी वेळेत आणि वाजवी अंतरावर मिळावी. पण वाजवी म्हणजे किती? दिमोनाच्या आजीला बीरशेवापर्यंत 35 किलोमीटर जावं लागतं. तेल अवीवच्या माणसाला दोन बसथांबे. दोघांचं वाजवी एकच का? जो डॉक्टर सकाळी भेटत नाही तोच संध्याकाळी पैसे घेऊन भेटतो, हे वाजवी का? आमच्या मते पूरक विमा वाईट नाही. पण तो नसेल त्याची रांग त्यामुळे लांबत असेल, तर 1986 ची ती पावती दुसऱ्या रूपात परत आली म्हणायची.

बालमित्रांनो, आता तुमच्यासाठी. साल हबरियुत हा शब्द तुम्ही ऐकला असेल. आमच्या सासूबाईंना वाटायचं, आरोग्याचं ‘साल’ म्हणजे नवं वर्ष आलं वाटतं! पण हिब्रूतला साल म्हणजे टोपली. सगळ्यांना मिळायची औषधं या टोपलीत असतात. दरवर्षी नवी औषधं निघतात, पण टोपली आपोआप मोठी होत नाही. किती पैसे घालायचे ते सरकार ठरवतं आणि कुठलं औषध आत जाईल हे एक समिती सुचवते. मग बाहेर राहिलेले रोगी फलक घेऊन उभे राहतात. मोठ्यांच्या बोलण्याने टोपली वाढतेही बरं का! 2010 पर्यंत मुलांच्या दातांचे उपचार टोपलीत नव्हते. आधी लहान मुलांचे आले, मग वय वाढवत वाढवत 18 वर्षांपर्यंत नेलं. तेव्हा दात घासा, आणि दात दुखला तर लपवू नका.

आणि ज्येष्ठांनो, कुरकुर चहाबरोबर संपवू नका. तोर फार लांबचा मिळाला तर कुपाकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर आरोग्य मंत्रालयात या कायद्याखालच्या तक्रारींसाठी अधिकारी आहे, त्याला लिहा. हिब्रू जमत नसेल तर नातवंडांकडून लिहून घ्या. निवडणुकीत कुणी मत मागायला आला तर त्याला एवढंच विचारा, "वाजवी म्हणजे किती दिवस?"

मोतीबिंदूवाल्या काकांचं पत्र आम्ही मंडळातच बसून लिहिलं. त्यांनी मराठीत सांगितलं, आम्ही हिब्रूत उतरवलं. या वेळी हिब्रू त्यांच्या बाजूने होती.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. पुढच्या अंकी भेटूच.