खलाशांचे रक्षण हेच जहाजाचे रक्षण

हिंदी महासागरातील चाचेगिरी ओसरली, असा निर्वाळा देऊन जहाजधंद्यातील प्रमुख संस्थांनी १ जानेवारी २०२३ पासून तेथील ‘अतिधोक्याचे क्षेत्र’ रद्द केले. त्याच वर्षाच्या १४ डिसेंबर रोजी सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळविले. शत्रू दिसेनासा झाला म्हणजे तो नाहीसा झाला असे नव्हे, हा धडा व्यापारी जगाला पुन्हा एकवार शिकावा लागला.

‘रुएन’ची सुटका भारतीय नौदलाने १६ मार्च २०२४ रोजी केली. किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटर दूर, ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाच्यांना शरण आणून १७ खलाशांना सुखरूप सोडविण्यात आले. या पराक्रमाचा अभिमान कोणास वाटणार नाही? परंतु ते खलाशी तीन महिने बंदिवासात होते, हेही विसरता येत नाही. याउलट, त्याच वर्षी जानेवारीत ‘लीला नॉर्फोक’ या जहाजावर चाचे चढले, तेव्हा १५ भारतीयांसह सर्व २१ जण एका सुरक्षित कोठडीत जाऊन बसले. नौदलाचे कमांडो पोहोचले तेव्हा चाचे निघून गेले होते व खलाशी सुखरूप होते. नौदल दोन्ही वेळा धावले. पण ते येईपर्यंत तग धरण्याची सोय जहाजावर असणे किती मोलाचे आहे, हे या दुसऱ्या प्रसंगाने दाखविले.

जहाज प्रचंड म्हणून ते सुरक्षित, ही समजूत भाबडी आहे. २००८ साली पळविलेले ‘सिरियस स्टार’ हे तेलवाहू जहाज ३३० मीटर लांब होते व त्यात सुमारे २० लाख पिंपे तेल होते. असे जहाज भरले म्हणजे पाण्यात खोल बसते, त्याचा वेग मंदावतो आणि एवढ्या मोठ्या पसाऱ्यावर माणसे असतात अवघी पंचवीस-तीस. वेगवान होडी आणि एक शिडी एवढे भांडवल चाच्यांना पुरते. यावरचे उपायही तितकेच साधे आहेत. कठड्याभोवती धारदार तारांची वेटोळी, पाण्याचे जोरकस फवारे, रात्रंदिवस जागता पहारा, धोक्याच्या टापूत पूर्ण वेग, आणि अन्नपाणी व संदेशयंत्र असलेली पोलादी दारांची कोठडी. मात्र सर्व माणसे त्या कोठडीत पोहोचली पाहिजेत. एकजण जरी बाहेर चाच्यांच्या हाती राहिला, तरी सुटकेस आलेल्या सैनिकांचे हात बांधले जातात. म्हणून कोठडीइतकीच तिची तालीमही आवश्यक आहे.

मग जहाजावर बंदूकधारीच का नेमू नयेत, असे कोणी विचारील. भारताने २०११ मध्ये त्यास मुभा दिली आणि सशस्त्र पहाऱ्याचा धाक बसतो, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एन्रिका लेक्सी’ या जहाजावरील इटालियन नौसैनिकांच्या गोळ्यांनी दोन निरपराध भारतीय मच्छीमार मारले गेले. ते तर एका राष्ट्राचे शिस्तबद्ध सैनिक होते! त्या प्रकरणावर पडदा पडण्यास २०२१ साल उजाडले. बंदूक हा शेवटचा उपाय असावा आणि ती चालविणाऱ्याची जबाबदारी आधीच निश्चित झालेली असावी.

खरा प्रश्न जबाबदारीचाच आहे. मालक एका देशाचा, निशाण दुसऱ्याचे आणि खलाशी तिसऱ्याच देशाचे, अशी आजच्या जहाजधंद्याची रीत आहे. नफ्याच्या वाटणीत ती कोणास अडचणीची ठरत नाही. संकट आले म्हणजे मात्र जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ‘अस्फाल्ट व्हेंचर’ जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पळविले गेले. पुढे जहाज सुटले, पण सात भारतीय खलाशांना चाच्यांनी ठेवून घेतले. ते २०१४ च्या ऑक्टोबरात मुक्त झाले. चार वर्षे त्यांच्या घरच्यांनी कशी काढली असतील?

चाच्यांना शिक्षा करण्यासाठी आपण २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा केला, हे योग्यच झाले. बंदिवासातही खलाशाचे वेतन चालू राहावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक डिसेंबर २०२० पासून अमलात आहे, हेही स्वागतार्ह होय. परंतु हे दोन्ही उपाय घाला पडल्यानंतरचे आहेत. घाला पडण्यापूर्वीचे कर्तव्य मालकाचे असून ते त्याच्या मर्जीवर सोडणे इष्ट नाही. आपल्या खलाशांच्या भरतीवर देखरेख करणारे नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे. धोक्याच्या मार्गाने जाणाऱ्या जहाजावर, मग त्याचे निशाण कोणतेही असो, संरक्षणाची किमान सिद्धता असल्याखेरीज भारतीय खलाशी पाठवू नये, असा नियम त्याने करावा व तो कसोशीने पाळला जातो की नाही हे पाहावे. मालाचा विमा उतरविता येतो. कोकणातल्या घरी वाट पाहणाऱ्या आईला तिचा मुलगा कोणताही विमा परत देऊ शकत नाही.