'खंडातून' म्हणजे नेमके कुठून?

जपानच्या राजदरबारातील 'गागाकु' संगीत आणि त्याच्या साथीने होणारे 'बुगाकु' नृत्य यांची ओळख करून देताना एक वाक्य हमखास लिहिले जाते : ही कला आशिया खंडातून जपानात आली. खंड केवढे विस्तीर्ण! त्यात चीन दिसतो, भारत दिसतो. कोरिया मात्र दिसेनासा होतो. हे वाक्य खोटे नाही, पण सोयीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जपानचे जुने दप्तर इतके मोघम बोलत नाही. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेला 'निहोन शोकी' हा इतिहासग्रंथ नावानिशी सांगतो की सम्राट इंग्योच्या निधनानंतर सिल्लाच्या राजाने ८० वादक पाठवले; ५५४ मध्ये पेक्चेहून वादक आले; ६१२ मध्ये पेक्चेच्याच मिमाजीने साकुराई येथे मुलांना मुखवट्यांचे नृत्य शिकवले. आठव्या शतकातील कायद्यानुसार दरबाराच्या संगीतखात्यात कोगुर्यो, पेक्चे आणि सिल्ला या तिन्ही कोरियन राज्यांच्या संगीतासाठी प्रत्येकी ४ शिक्षक होते.

नवव्या शतकात या साऱ्याची फेरमांडणी झाली. चिनी वळणाचे ते डावे ठरले. कोरियन राज्यांचे आणि उत्तरेकडील बोहायचे ते उजवे. उजव्याचे नाव 'कोमागाकु', आणि 'कोमा' म्हणजे कोगुर्यो. उजवीकडचे नर्तक आजही प्रायः हिरव्या वस्त्रांत येतात, आणि साथीला सहा छिद्रांची 'कोमाबुए' बासरी असते. जे रंगमंचावर उघड मिरवते, ते परिचयपर लेखनातच का लपावे?

यावर आक्षेप येतो की हजार-बाराशे वर्षांत हे संगीत पुरते जपानी झाले. 'एंगिराकु'सारखे उजवे नृत्य तर जपानातच रचले गेले. मान्य. ती जतन करण्याची आणि घडवण्याची कमाई जपानचीच. पण वारसा सांभाळला म्हणून देणाऱ्याचे नाव पुसण्याचा हक्क मिळत नाही. 'हे सारे आमचेच, जपानने पळवले' ही कोरियन अभिमानाची आरोळीही आम्हांला तितकीच अमान्य आहे. मिमाजी स्वतः ती विद्या चीनच्या वू प्रांतात शिकून आला होता, असे तोच ग्रंथ नोंदवतो. आणि आपण भारतीय? ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूने केले, हे आपण अभिमानाने सांगतो. मिमाजीचे नाव आपल्यापैकी कितीजण घेतात?

डिसेंबर २००१ मध्ये सम्राट अकिहितो यांनी पत्रकारांसमोर सांगितले, की सम्राट काम्मूची माता पेक्चेच्या मुर्योंग राजाच्या वंशातली होती, अशी जुनी नोंद आहे. राजवाड्याच्या वादकांत त्या काळच्या स्थलांतरितांचे वंशज आजही आहेत, हेही त्यांनी आवर्जून सांगितले. प्रत्यक्ष सम्राटाला जे उच्चारण्यात कमीपणा वाटला नाही, ते लिहिताना अभ्यासकांची लेखणी का अडखळावी? 'खंडातून' हा शब्द खोडा, आणि त्या जागी कोरियाचे नाव लिहा.