किल्ली कोणाच्या खिशात?

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की तालुक्याच्या गावातील नेट कॅफेसमोर आमच्या मुलामुलींच्या रांगा लागतात. हातात जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, आधार कार्ड आणि बापाने मजुरीतून काढून दिलेली शंभराची नोट. आत बसलेला माणूस महाडीबीटीचे संकेतस्थळ उघडतो, मुलीच्या नावाने खाते काढतो. युजर आयडी तोच ठरवतो, पासवर्डही तोच ठरवतो. घाईत असला तर मोबाईल नंबरही स्वतःचाच टाकतो, म्हणजे ओटीपीसाठी थांबायला नको. मग हे सारे एका वहीत लिहून ठेवतो. मुलगी पावती घेऊन घरी जाते. वही कॅफेतच राहते.

अशी एक वही आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. शे-दीडशे नावे, प्रत्येक नावासमोर आधार क्रमांक आणि पासवर्ड; आणि बहुतेकांचा पासवर्ड एकच! कॅफेवाला वाईट माणूस नव्हता. “पोरं विसरतात साहेब, मग माझ्याकडंच येतात,” असे तो म्हणाला आणि त्यात खोटे काही नव्हते. पण पुढच्या वर्षी तो दुकान बंद करून शहरात निघून गेला. ज्यांचे अर्ज महाविद्यालयाने त्रुटी काढून परत पाठवले होते, त्यांना ते परत आल्याचे कळलेच नाही. संदेश गेला होता कॅफेवाल्याच्या नंबरवर. मुदत संपली आणि वर्षाची शिष्यवृत्ती गेली.

ही शिष्यवृत्ती कोणाच्या मेहेरबानीने मिळालेली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात म्हणजे १९४४ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आमच्या ज्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक दिसतात, त्यांतील किती घरे या पैशांवर उभी आहेत, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेचा वाटा ६० टक्के केला आणि तो थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचे ठरवले. मधला संस्थाचालक दूर व्हावा, हा त्यातला चांगला भाग. परंतु पैसा थेट विद्यार्थ्याच्या नावावर येणार आणि त्या नावाची किल्ली मात्र तिसऱ्याच्या वहीत, याला काय म्हणावे?

पासवर्ड हा शिकल्यासवरल्या नोकरदारांचा विषय आहे, असे आमच्या काही कार्यकर्त्यांना वाटते. आम्हाला ते मान्य नाही. ज्याच्याकडे वकील आहे, ओळख आहे, बँकेतला मॅनेजर आहे, त्याचे खाते गेले तरी तो परत मिळवतो. आमच्या माणसाचे गेले की गेले.

आता स्वतःच्या घरातले बोलू. आमचे बांधव पासवर्ड काय ठेवतात? ‘जयभीम१२३’. नाहीतर १४०४१८९१. बँकेच्या पिनला १९५६ किंवा १८९१. भावना आम्ही समजतो. आम्हीही हेच करीत होतो. पण जे सगळ्या वस्तीला ठाऊक आहे ते गुपित कसे राहील? चोर एकेक अक्षर जुळवत बसत नाही. पूर्वी फुटलेल्या पासवर्डांच्या याद्या त्याच्याकडे असतात आणि संगणक त्या भराभर लावून पाहतो. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले. कंपनीने ते जसेच्या तसे, कोणतीही गुप्तलिपी न वापरता साठवले होते. त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. अशा याद्यांमुळेच एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरणे घातक ठरते. एका दुकानदार कंपनीकडून तो फुटला की तुमची ईमेलही उघडते.

चार-पाच असंबद्ध शब्द जोडून केलेला लांब पासवर्ड लक्षात राहतो आणि फोडायला कठीण जातो. दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठे अक्षर घाला, एक चिन्ह घाला, हा जो उपदेश कार्यालयांतून अजूनही होतो, तो २००३ साली अमेरिकेतील बिल बर या अधिकाऱ्याने लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरला. २०१७ मध्ये त्याच गृहस्थांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. लोक शेवटचा आकडा १ चा २ करतात, दुसरे काही होत नाही! पासवर्ड फुटल्याचा संशय आला तर मात्र ताबडतोब बदलावा.

खरा पेच आहे तो साठवायचे कुठे हा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारे आहेत, कागदाचा फोटो काढून गॅलरीत ठेवणारे आहेत. २०२५ च्या सुरुवातीला स्पार्ककॅट नावाचा घातक प्रोग्राम उघडकीस आला. गुगल आणि अ‍ॅपल या दोघांच्याही अधिकृत दुकानांतील काही अ‍ॅपमध्ये तो होता आणि गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर तो वाचत होता. शिवाय आमच्या घरातला मोबाईल एकट्याचा नसतो. भाऊ वापरतो, बहीण वापरते, शेजारचा पोरगा गेम खेळतो. आणि काच फुटली की दुरुस्तीवाला स्क्रीनचा पॅटर्न विचारतो, चिठ्ठीवर काढून मोबाईलच्या पाठीवर चिकटवतो, नि आपण संध्याकाळपर्यंत निवांत!

आमचे मत विचाराल तर घरच्या पेटीत, जातीच्या दाखल्याशेजारी ठेवलेली छोटी वही वाईट नाही. दूर बसलेल्या चोराला ती वाचता येत नाही. दोष वहीत नव्हता, ती दुसऱ्याच्या दुकानात होती यात होता. ज्यांच्या हाती स्वतःचा स्मार्टफोन आहे त्यांनी त्यातलीच पासवर्ड सांभाळण्याची सोय वापरावी. गुगलची आहे, अ‍ॅपलची आहे. बिटवॉर्डन, कीपास ही फुकट मिळणारी साधनेही आहेत. त्यांत सारे पासवर्ड गुप्तलिपीत बंद राहतात आणि उघडायला एक मुख्य पासवर्ड किंवा मोबाईलचे लॉक लागते. तेव्हा ते लॉक भक्कम हवे, ‘एल’ आकाराचा पॅटर्न चालणार नाही. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या अशा बंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांनाच अधिक धोका उरला. कॅफेच्या संगणकावर मात्र ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ या प्रश्नाला कधीही होकार देऊ नये. एकदा तिथे साठवला की तो संगणक ज्याच्या ताब्यात आहे, त्याला तो वाचता येतो.

सर्वांत जास्त जपायची ती ईमेल. बाकीची बहुतेक खाती ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून तिच्यातूनच उघडतात. तिला दुहेरी पडताळणी लावावी आणि मिळणारे राखीव संकेतांक कागदावर लिहून ठेवावेत. रिचार्जअभावी सिम बंद पडले तर काही महिन्यांत तोच नंबर दुसऱ्याला दिला जातो, हेही मुलांना सांगावे.

चळवळीतल्या माणसाला तर यापुढचे पाहावे लागते. भीमा-कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांचे संगणक अर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकन संस्थेने तपासले. अटकेच्या कितीतरी आधी त्यांत नेटवायर हा घातक प्रोग्राम शिरला होता आणि कागदपत्रे बाहेरून पेरली गेली होती, असे तिचे २०२१ मधील अहवाल सांगतात. विल्सन यांच्याकडे तो आला कसा? वरवरा राव यांच्या ईमेल खात्याचा वापर करून पाठवलेल्या पत्रातून. म्हणजे सोबत्याच्या नावाने आलेले पत्र होते, म्हणून ते उघडले गेले. नेटवायर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवतो, साठवलेले पासवर्डही उचलतो. तपास यंत्रणेने हे अहवाल मान्य केलेले नाहीत. परंतु एका कार्यकर्त्याचे खाते उघडे राहिले तर जाळ्यात दुसरा सापडतो, ही गोष्ट नाकारता येईल काय?

आमच्या संघटनांची तऱ्हा तर विचारू नका. विहार समितीची ईमेल, जयंती मंडळाचे फेसबुक पान, सारे एका उत्साही तरुणाच्या मोबाईलमध्ये. गट फुटतो तेव्हा पासवर्डही एका गटाबरोबर निघून जातो आणि दुसरा गट नवे पान काढतो! दोन पदाधिकाऱ्यांकडे अधिकार असावेत आणि पदाधिकारी बदलला की पासवर्ड बदलावा, एवढा ठराव बैठकीत करायला किती वेळ लागतो?

अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पण आधी हे व्हावे, की ज्यांनी यंदा कॅफेतून अर्ज भरला त्या मुलामुलींनी आपल्या खात्यावर कोणाचा मोबाईल नंबर आहे ते येत्या रविवारी विहारात एकत्र बसून तपासावे. दुसऱ्याचा निघाला तर स्वतःचा टाकून घ्यावा आणि पासवर्ड बदलावा. कॅफेवाल्याकडे वही मागत बसू नये; तो देणार नाही, आणि पासवर्ड बदलल्यावर ती त्याच्याकडे राहिली तरी चालेल.