कळांच्या वेळी बापाची जागा

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं, की लेक आईकडे जाते आणि नवऱ्याला बातमी फोनवर कळते. माझ्या वडिलांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते थेट बारशाला. लेकीला आईच्या हाताखाली विसावा मिळावा, ही माया या रिवाजात आहे आणि ती मोलाची आहे. पण त्यात बाप बाळंतपणातून पार वगळला जातो. आमची मुलगी झाली तेव्हा मी कळांच्या खोलीत होतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

बाळंतपण साताऱ्यातच, आपल्या घरी राहून करायचं, हे बायकोनेच ठरवलं होतं. सासूबाईंना ते पटलं नाही. ‘‘जावईबापू, तुम्ही तिथं काय करणार? ती बायकांची कामं,’’ असं त्या म्हणाल्या. पण दिवस भरत आले तशा जुन्या मऊ साड्यांची दुपटी आणि आळिवाचा डबा घेऊन आमच्याकडेच राहायला आल्या.

तिथं करायला पुष्कळ असतं. कळ आली की कंबर दाबून धरायची. बोटांनी दाबून उपयोग नाही, तळहाताचा मनगटाकडचा भाग टेकवून जोर द्यायचा, हे सिस्टरनी दाखवलं. दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी द्यायचं, उठून चालावंसं वाटलं तर खांदा द्यायचा. बाजूच्या यंत्रावर बाळाचे ठोके दिसत होते. मिनिटाला ११० ते १६० असले की ठीक, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. एका कळेत आकडा शंभरावर उतरला, तशी माझी नजर तिथंच खिळली. कळ ओसरली, ठोके पूर्ववत झाले, तरी मी यंत्राकडेच बघत होतो. सिस्टर म्हणाल्या, ‘‘दादा, आकडा मी बघते. तुम्ही ताईंकडे बघा.’’ त्या रात्री मला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला तो.

मुलगी बाहेर आली ती निळसर, अंगावर पांढरा चिकट थर, आणि क्षणभर गप्प. मग रडली. तिला तशीच आईच्या पोटावर ठेवली. नाळ लगेच कापली नाही. वारेतलं रक्त मिनिटभर बाळाकडे जाऊ दिलं की त्याला पुढचे काही महिने पुरणारं लोह मिळतं. सिस्टर घड्याळाकडे बघत मनात गुण मांडत होत्या: रंग, ठोके, श्वास, हातापायांतली ताकद, स्पर्शाला मिळणारा प्रतिसाद. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत बसवली. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. दरम्यान गुलाबी रंग छातीवरून हातांकडे सरकताना मी पाहिला. पावलं तेवढी निळी राहिली. ती सावकाश होतात, काळजी नको, असं त्या म्हणाल्या.

यानंतरचं मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बाळ टेबलाशेजारच्या दिव्याखाली गेलं, बाहेर आजीला बातमी गेली, आनंद झाला. आणि इकडे माझी बायको झाकणीतल्या पाण्यासारखी थरथरत होती. वार पडायची होती, टाके घालायचे होते. सिस्टर पोटावर हात दाबून गर्भाशय आवळतंय का ते पुन्हा पुन्हा बघत होत्या, कारण बाळंतिणीला अति रक्तस्रावाचा सगळ्यात मोठा धोका याच पहिल्या तासांत असतो. सगळं घर बाळाकडे वळतं त्या वेळी तिच्या उशाशी तिचं माणूस हवं. बापाची खरी जागा मला तिथं सापडली. बाळाला बघणारे खूप होते.

सोबत असली तर कळांचा काळ काहीसा कमी होतो, सिझेरियनचं प्रमाणही घटतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. आपल्या केंद्र सरकारने त्याआधीच, २०१६ मध्ये, सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला परवानगी दिली. त्यात मुख्य विचार बाई सोबतिणीचा, नवऱ्याला मुभा आहे ती इतर बायकांचा आडोसा सांभाळला जात असेल तिथंच. अट अगदी योग्य आहे. एका खोलीत चार बाया कळा देत असतील तर परका पुरुष आत नकोच. पण मग दोन टेबलांमध्ये धड पडदे तरी लागोत! मला आत उभं राहता आलं कारण आम्ही वेगळ्या खोलीचे पैसे भरू शकलो. ज्याच्याकडे ते नाहीत त्याची बायको आत एकटी, हे मला सहन होत नाही.

रजेचंही तसंच. आईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे मिळतात. केंद्र सरकारी नोकर बापाला १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही.

माझ्या एका मित्राच्या बायकोला आता सातवा लागलाय. त्याला मी सांगितलं, आधी तिला विचार, तू आत हवा आहेस की आई. तिने तुझं नाव घेतलं तर पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांकडे विषय काढ. ऐन कळांच्या वेळी, दारात उभं राहून, कुणाशी वाद घालायची वेळ येऊ देऊ नकोस.