जिथं थांबले, तिथूनच

आईनं नर्मदेची खंड परिक्रमा केली. सांगलीत शाळेत शिकवायची. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की दहा-पंधरा दिवस चालायची आणि शाळा उघडायच्या दिवशी फळ्यासमोर हजर. घरी आलेले पाहुणे विचारायचे, "म्हणजे अजून पूर्ण नाही ना झाली?" आई काही न बोलता कपबश्या उचलून आत जायची. त्या प्रश्नाचं उत्तर मला जपानात चालताना सापडलं.

मी तोक्योत नोकरी करते. जपानच्या चार मुख्य बेटांपैकी सगळ्यात लहान शिकोकू. ८८ देवळांची, सुमारे १,२०० किलोमीटरची यात्रा या बेटाला पूर्ण फेरी घालते. शिंगोन पंथाचे संस्थापक कूकाई (७७४–८३५) यांच्या पाठोपाठ ही वाट चालायची. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. एका दमात चालायची तर चाळीस ते पन्नास दिवस लागतात. मला रजा मिळते वर्षातून दोनदा, चार-पाच दिवस. म्हणून टप्प्याटप्प्यानं चालते.

तिथं याला स्वतंत्र शब्द आहे, कुगिरि-उची. सलग चालण्याला तोशि-उची. 'उची' म्हणजे ठोकणं, कारण पूर्वी यात्रेकरू आपल्या नावाची लाकडी पट्टी देवळाच्या खांबावर ठोकत. एका वेळी एकच प्रांत करायचा, तर त्यालाही वेगळं नाव आहे. या शब्दांत कुठंही 'अर्धवट' नाही.

सलग चालणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण टप्प्यांनी चालणं सोपं, हे मला मान्य नाही. सलग चालणाऱ्याचे पाय आठवड्याभरात रुळतात, फोडांचे घट्टे होतात. आम्ही रुळायच्या आत परततो. पुढच्या खेपेला पुन्हा तोच पहिला दिवस, तेच फोड. अकराव्या देवळापासून बाराव्या शोसानजीपर्यंतचा डोंगर मी खेपेच्या पहिल्याच दिवशी चढले. तिथल्या चढाला 'यात्रेकरूंना गडगडवणारा' म्हणतात, ते खरंच आहे.

आणि वाट सोडून द्यायचा मोह आम्हाला दर खेपेला नव्यानं होतो. तेविसाव्या याकुओजीपासून मुरोतो भूशिराच्या चोविसाव्या देवळापर्यंत जवळपास ७५ किलोमीटर एकही क्रमांकाचं देऊळ नाही. डाव्या हाताला पॅसिफिक, पायाखाली ५५ नंबरच्या महामार्गाचं डांबर. तिसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी चुकेल या भीतीनं मी शेवटचे बारा किलोमीटर बसनं गेले. देवळात दर्शन झालं, वहीत शिक्का मिळाला. शिक्क्यात बारा किलोमीटर दिसत नाहीत. सहा महिने ते मला दिसत राहिले. पुढच्या खेपेला मी त्याच थांब्यावर उतरले आणि तिथून चालत देवळापर्यंत गेले. गाडीनं यात्रा करणारे पुष्कळ आहेत, त्यांची यात्रा खोटी नाही. पण मी पायी म्हटलं होतं. मागचं पाऊल जिथं पडलं तिथंच पुढचं पडलं पाहिजे, एवढं एकच बंधन तर आहे. मधे कितीही महिने जावोत.

त्या महिन्यांत माझी यात्रेतली काठी देव्हाऱ्याशेजारी उभी असते. ही काठी म्हणजे साक्षात कोबो दाइशी. मुक्कामी पोचल्यावर आपले पाय धुवायच्या आधी तिचं टोक धुवायचं. पुलावर ती टेकवायची नाही, कारण पुलाखाली दाइशी झोपलेले असतील. चालून चालून टोकाचे धागे फुटतात आणि त्याचा कुंचला होतो. तो सुरीनं कापायचा नाही, दगडावर घासायचा. माझी काठी आता दोन बोटं आखूड झालीय. डबा भरताना, ऑफिसला निघताना ती दिसते. यात्रा बंद पडलेली नाही, हे मला ती रोज सांगते. सलग चाललेल्याची यात्रा पन्नास दिवसांत संपते, माझी पाच वर्षं घरात आहे.

मुरोतोच्या वाटेवर एका आजींनी सायकल थांबवली. "ओहेन्रोसान!" यात्रेकरूला तिथं अशीच हाक मारतात. टोपलीतली दोन संत्री त्यांनी माझ्या हातावर ठेवली. याला ओसेत्ताई म्हणतात, ते नाकारायचं नसतं. बदल्यात मी रिवाजाप्रमाणे माझ्या नावाची पांढरी चिठ्ठी दिली. "सलग चालताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही, तुकड्यातुकड्यांनी. हा तिसरा." त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पुन्हा याल तुम्ही!"

पन्नास दिवसांची रजा घेणं ज्यांना परवडतं त्यांनी जरूर सलग चालावं. पण ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, ज्यांचा पगार दिवसावर आहे, त्यांच्या यात्रेला आपण अपुरी म्हणायचं थांबवलं पाहिजे. नर्मदेकाठची असो, वारीत सासवडपर्यंतच चाललेल्या बाईची असो. 'किती राहिलं' हा प्रश्नच मला रुचत नाही.

आई आता पंचाहत्तरीची आहे. तिच्या परिक्रमेचा शेवटचा टप्पा गुडघ्यांमुळे राहिलाय. नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा निघणार म्हणून परवा तिला फोन केला. किती देवळं झाली, किती उरली, तिनं काहीच विचारलं नाही.

"कुठून सुरू करणार?" एवढंच म्हणाली.

"कुबोकावाला, सदतिसाव्या देवळापासून. तिथंच थांबले होते."

"हं," आई म्हणाली. "काठी घे आठवणीनं."