पदवीनंतरचा विद्यार्थी आणि उद्योगनगरी

कोणत्याही उद्योगनगरीचा हिशेब मांडताना कारखाने किती, उत्पादन किती आणि रोजगार किती, हेच आकडे पुढे ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. आणखी एक प्रश्न विचारावयास हवा आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. या नगरीत वयाच्या बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन आलेला तरुण तिसाव्या वर्षी कोठे असतो? त्याचे ज्ञान वाढलेले असते काय, की केवळ त्याने बदललेल्या नोकऱ्यांची संख्या वाढलेली असते? पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे. येथे पदवीधराला काम मिळू शकते. मात्र काम मिळाले की त्याचे शिक्षण संपले, असे विद्यापीठ, महापालिका आणि कारखानदार हे तिघेही गृहीत धरतात.

बिऱ्हाडकरू कामगाराची नगरी

या गृहीतकाचे मूळ या परिसराच्या जडणघडणीत आहे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काही वर्षांत भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथील माळरानांवर मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग बनविणारे कारखाने एकापाठोपाठ एक उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका आली. कामगारांना परवडणारा निवारा मिळावा म्हणून १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण नेमले गेले आणि १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. संत तुकाराम नगरातील गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींमागेही हाच विचार होता.

त्या काळच्या योजकांच्या डोळ्यांसमोर जो माणूस होता, तो एकदा नोकरीस लागला की निवृत्तीपर्यंत त्याच कारखान्यात राहणारा, बिऱ्हाड थाटणारा आणि मुलांना जवळच्या शाळेत घालणारा होता. शिक्षणाची सोय करावयाची ती त्याच्या मुलांची. त्या काळाच्या मानाने हा विचार चुकीचा नव्हता.

आज या पट्ट्यात उतरणारा तरुण निराळा आहे. तो मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून येतो. त्याच्याजवळ बी.एस्सी., बी.कॉम.ची पदवी असते, अभियांत्रिकीची पदविका असते किंवा परिचर्येचे प्रमाणपत्र असते. नोकरी बहुधा कंत्राटी असते. तो कॉट बेसिसवर राहतो, खानावळीचा डबा खातो आणि पाळी बदलली की झोपेची वेळ बदलतो. प्राधिकरणाच्या कल्पनेतील बिऱ्हाडकरू तो नाही आणि विद्यापीठाच्या पटावरील विद्यार्थीही तो राहिलेला नाही. त्यामुळे तो कोणाच्याच यादीत नाही. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजारांवर गेली होती. एवढ्या मोठ्या नगरीस आपल्या तरुण पदवीधरांसाठी निश्चित धोरण नसावे, ही गोष्ट शोभादायक नाही.

शुल्कापेक्षा वेळ महाग

पदव्युत्तर शिक्षण महाग झाले आहे अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते आणि ती खरीही आहे. तथापि अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. कित्येकदा तो लहान भाग असतो. समजा, एखाद्या पदवीधराला दरमहा वीस हजार रुपये वेतन आहे. नोकरी सोडून तो दोन वर्षे एम.एस्सी. किंवा एम.कॉम.च्या वर्गात बसला, तर त्याने चार लाख ऐंशी हजार रुपयांच्या कमाईवर पाणी सोडले. अनुदानित महाविद्यालयाचे शुल्क त्यापुढे किरकोळच. ज्याच्या मनिऑर्डरीवर पूर्वी घर चालत असे आणि ज्याच्या मोबाईलवरून आज गावी पैसे जातात, त्या मुलाला हा त्याग शक्य नसतो. शिष्यवृत्तीने शुल्क भरून निघेल. बुडालेले वेतन भरून निघत नाही. म्हणून नोकरी न सोडता शिकण्याची व्यवस्था नसेल, तर पदव्युत्तर शिक्षण हे ज्यांच्या घरी दोन वर्षे थांबण्याची ऐपत आहे त्यांचेच राहणार.

याच हिशेबाची दुसरी बाजू प्रवासाची आहे. चाकणच्या कारखान्यात काम करणारा आणि पिंपरीत राहणारा तरुण जाण्यायेण्यात दिवसाचे तीन तास घालवितो असे धरले, तर पंचवीस दिवसांच्या महिन्यात त्याचे पंचाहत्तर तास रस्त्यावर जातात. नव्या अभ्यासक्रमरचनेत एका श्रेयांकासाठी पंधरा तासांचे अध्यापन अपेक्षित आहे. म्हणजे चार श्रेयांकांचा एक पूर्ण विषय साठ तासांत शिकवून होतो. सबंध सत्रात एका विषयाला जेवढा वेळ वर्गात लागतो, त्याहून अधिक वेळ हा तरुण दरमहा पुणे-नाशिक रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत खर्च करीत असतो. त्याला अभ्यासाची आवड नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. निवास, वाहतूक आणि शिक्षण हे तीन स्वतंत्र प्रश्न नाहीत, हेही त्यातून स्पष्ट होईल. तरुणाच्या दिवसाचे चोवीस तास एकच आहेत. त्यांवर तीन खाती एकमेकांना न विचारता हक्क सांगत आहेत.

नमुना नगरातच आहे

यावर उपाय शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. संत तुकाराम नगरातील महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची संस्था चालते. तेथील निवासी डॉक्टर रुग्णांवर उपचार करता करता शिकतो, शिकत असताना विद्यावेतन घेतो, ज्येष्ठ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रबंध लिहितो आणि तीन वर्षांनी एम.डी. किंवा एम.एस. होऊन बाहेर पडतो. त्याच नगरातील डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातही पदव्युत्तर शिक्षणाची रीत हीच आहे. काम हाच अभ्यास, ही कल्पना वैद्यकाने कधीच स्वीकारली आहे.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. कामाचे तास अमर्याद असतात, वसतिगृहे अपुरी असतात. २०२३ च्या जानेवारीत राज्यातील निवासी डॉक्टरांनी संप केला, तेव्हा वसतिगृहांचा प्रश्न त्यांच्या मागण्यांत अग्रभागी होता. पण त्या संपातूनही एक गोष्ट सिद्ध झाली. शिकणाऱ्याला राहण्याची जागा देणे ही संस्थेची जबाबदारी आहे, हे तत्त्व तेथे मान्य आहे. भांडण आहे ते अंमलबजावणीचे. यंत्रशाळेतील अभियंत्याच्या, लेखाविभागातील वाणिज्य पदवीधराच्या किंवा प्रयोगशाळेतील रसायनशास्त्राच्या पदवीधराच्या बाबतीत मूळ तत्त्वच कोणी मान्य केलेले नाही. रुग्णाच्या खाटेशेजारी पदव्युत्तर शिक्षण होऊ शकते, तर यंत्राशेजारी का होऊ नये?

महाराष्ट्राच्या शैक्षणिक परंपरेलाही ही गोष्ट नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांना कचेरीची वेळ गाठता यावी म्हणून वर्ग सकाळी भरविण्यात आले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर ‘कमवा आणि शिका’ हे रयत शिक्षण संस्थेचे ब्रीदच केले. त्याच संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आज पिंपरीत आहे. विद्यार्थ्याने संस्थेच्या सोयीने जगावे, असा आग्रह या थोर मंडळींनी धरला नाही. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याची वेळ पाहून त्यांनी घंटेची वेळ ठरविली.

काय करता येईल

पहिली गोष्ट वर्गांची. महाविद्यालयांच्या इमारती सायंकाळनंतर बहुधा रिकाम्या असतात. या पट्ट्यातील काही निवडक महाविद्यालयांनी सायंकाळी आणि रविवारी पदव्युत्तर वर्ग चालवावेत आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांत पुरा करण्याची मुभा द्यावी. श्रेयांक साठविण्याची राष्ट्रीय व्यवस्था २०२१ पासून अस्तित्वात आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळी तंत्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालविण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये परवानगी दिली. नियमांचा अडसर दूर होत आहे. अडसर उरला आहे तो प्राध्यापकांचा. दिवसभर शिकविलेल्या अध्यापकालाच रात्री पुन्हा उभे करणे किंवा तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनावर कोणाला तरी बोलाविणे, यातून उच्च शिक्षण निर्माण होणार नाही. सायंकाळच्या वर्गांसाठी पूर्ण वेतनाची स्वतंत्र पदे मंजूर झाली पाहिजेत. असे न झाल्यास ही योजना प्रमाणपत्रे वाटण्याचा आणखी एक कारखाना ठरेल.

दुसरी गोष्ट कामाच्या शैक्षणिक मोलाची. नव्या रचनेत पदव्युत्तर विद्यार्थ्यास दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे. ज्याला मुळातच नोकरी आहे, त्याने पुन्हा दुसरीकडे प्रशिक्षण घ्यावे हे विपरीतच होय. त्याच्याच विभागातील एखादा प्रश्न, मग तो नासाडीचे प्रमाण घटविण्याचा असो, साठ्याच्या हिशेबाचा असो वा सांडपाण्याच्या परीक्षणाचा असो, प्रबंधाचा विषय व्हावा. महाविद्यालयातील एक आणि कारखान्यातील एक असे दोन मार्गदर्शक असावेत. गुण देण्याचा अधिकार मात्र महाविद्यालयाचाच राहावा.

तिसरी गोष्ट कारखानदारांच्या जबाबदारीची. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले आणि पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन नऊ हजार रुपये ठरविले. खोलीचे भाडे आणि खानावळ भागवून या रकमेतून काय उरणार? शिवाय शिकाऊ म्हणून घ्यावयाचे आणि पूर्ण कामगाराएवढे राबवावयाचे, असे जेथे होते तेथे कायद्याचा हेतूच पराभूत होतो. आठवड्यातील एक दिवस महाविद्यालयासाठी पगारी मोकळीक, ही अट ज्या कारखान्यांना मान्य असेल, त्यांनाच विद्यावेतनातील सरकारी वाटा मिळावा.

चौथी गोष्ट निवासाची. कामगारांची सोय म्हणजे विक्रीची घरे हे समीकरण आता पुरे पडत नाही. तिशीच्या आतील तरुणाला घर विकत घ्यावयाचे नसते. त्याला स्वच्छ, वाजवी भाड्याची, चार-पाच वर्षांसाठी निश्चित जागा हवी असते. अनेक गृहनिर्माण संस्था अविवाहितांना दारात उभे करीत नाहीत आणि अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा गाठोडे बांधावे लागते. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी भाड्याच्या सामूहिक निवासाची आणि नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची घोषणा झाली होती. महापालिका आणि औद्योगिक विकास महामंडळ यांनी तिचा आधार घेऊन मेट्रोच्या स्थानकांनजीक आणि चाकणमध्ये अशी वसतिगृहे उभारावीत, प्रत्येकात रात्रभर उघडी राहणारी अभ्यासिका ठेवावी. मुलींच्या बाबतीत तर निवासाची सोय हीच शिक्षणाची पहिली अट असते, हे कोणत्याही शिक्षकास ठाऊक आहे.

पाचवी गोष्ट वाहतुकीची. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली, तेव्हा संत तुकाराम नगर हे पहिल्या स्थानकांपैकी एक होते. २०२३ मध्ये ती शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत आणि २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत पोहोचली. पुण्याचा प्रश्न त्यामुळे बराच सुटला. भोसरी, मोशी, चाकण, तळवडे यांचा सुटला नाही. २००७ मध्ये दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून महामंडळ स्थापन झाले. त्याने पाळी सुटण्याच्या आणि वर्ग सुटण्याच्या वेळा पाहून बसगाड्या सोडाव्यात. रात्री नऊ वाजता वर्ग सुटल्यावर परतीची गाडी नसेल, तर उत्तम प्राध्यापक असूनही वर्ग ओस पडेल.

आक्षेपांचा विचार

यावर असे म्हटले जाईल की घरबसल्या शिक्षणाच्या सोयी आता विपुल आहेत. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने असंख्य नोकरदारांना पदवीचे दार उघडून दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु सहाजणांच्या खोलीत, खाटेवर बसून मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेले व्याख्यान आणि प्रयोगशाळा, ग्रंथालय व सहाध्यायी यांच्या सहवासात झालेले शिक्षण यांत अंतर आहे. पहिले दुसऱ्यास पूरक ठरेल. त्याची जागा घेणार नाही.

दुसरा आक्षेप असा की पाणी, रस्ते आणि कचरा यांतून महापालिकेला सवड नाही. उच्च शिक्षण हे तिचे काम नव्हे. पण डॉक्टरांचे पदव्युत्तर शिक्षण महापालिका चालवितेच. त्यातून तिच्या रुग्णालयास डॉक्टर मिळतात हे तिला उमगले आहे. सुशिक्षित अभियंता, हिशेबनीस आणि रसायनतज्ज्ञ यांच्यावाचूनही नगरी चालत नाही, एवढेच आणखी उमगावयाचे आहे.

तिसरा आक्षेप कारखानदारांचा. शिकलेला माणूस सोडून जातो, मग त्याच्यावर खर्च का करावा? एका कारखान्यापुरते हे खरे असेल. परंतु तो एक कारखाना सोडतो तेव्हा बहुधा याच पट्ट्यातील दुसऱ्यात जातो. एकाचा तोटा हा सर्वांचा लाभ असतो, आणि ज्या लाभाची किंमत कोणी एकटा देत नाही, तो सार्वजनिक व्यवस्थेनेच साधावा लागतो. कारखानदारांच्या संघटना, विद्यापीठ आणि महापालिका यांनी एकत्र बसून एक सामायिक निधी उभारावा, तो याचसाठी.

सुरुवात मोठ्या घोषणेने होण्याची गरज नाही. एक महाविद्यालय, दोन विषय, शंभर विद्यार्थी, एक वसतिगृह आणि रात्री साडेनऊची एक बस एवढ्यावर येत्या शैक्षणिक वर्षात प्रयोग करता येईल. तीन वर्षांनी त्या शंभरांपैकी कितीजण टिकले आणि जे गळाले ते वेळेअभावी, पैशाअभावी की निवासाअभावी, याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी. या नगरीने पन्नासहून अधिक वर्षे तरुणांचे मनगट वापरले आहे. त्यांच्या बुद्धीसाठी दिवसाचे दोन तास तिने राखून ठेवावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.