तिसरी खोली कुणाची?

आई बार्शीहून आली की हॉलमध्ये झोपते. दोन बेडरूम आणि एक स्टडी असलेलं घर आहे आमचं, तरीही. स्टडीत माझं टेबल, दोन मॉनिटर, खुर्ची आणि इन्व्हर्टर आहे. तिथे गादी टाकायला जागा उरत नाही. रात्री साडेनऊला माझा अमेरिकेच्या टीमसोबत कॉल सुरू झाला की आई टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघते. मागच्या वेळी तिने कुजबुजत विचारलं, ‘‘पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर चालेल ना रे?’’

ज्या घराच्या डाउन पेमेंटमध्ये वडिलांच्या एसटीतल्या निवृत्तीचे सहा लाख आहेत, त्या घरात आई पाणी प्यायला परवानगी मागत होती. हा लेख त्या प्रश्नातून आला आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या पिढीने घर घेताना एक खोली कंपनीसाठी घेतली, तिचे हप्ते आपण भरतोय, आणि कंपनीने त्याबद्दल साधी पावतीसुद्धा दिलेली नाही.

आधी हिशोब मांडतो, कारण भावनेच्या गोष्टीला ‘बूमर’ म्हणून उडवून लावता येतं, आकड्याला नाही.

२०२२च्या दिवाळीत आम्ही पुनावळ्यात बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट बुक केला. करारातली किंमत ७५ लाख, रेराप्रमाणे कार्पेट ६८० चौरस फूट. बँकेने ८० टक्के, म्हणजे ६० लाख कर्ज दिलं. उरलेले १५ लाख आमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम सुरू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख. एकही खिळा ठोकायच्या आधी खिशातून २४ लाख ३० हजार गेले. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. आम्ही दोघांच्या नावावर घेतलं, सवलत गेली. बुकिंगआधी हे कुणीच सांगितलं नाही, म्हणून इथे सांगतोय.)

६० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता ५२ हजारांच्या थोडा वर. पहिल्या पूर्ण हप्त्यातले साडेबेचाळीस हजार व्याजात जातात, मुद्दल जेमतेम साडेनऊ हजारांनी कमी होतं. दर असाच राहिला तर वीस वर्षांत बँकेला सुमारे सव्वा कोटी दिलेले असतील.

आता ती स्टडी. आठ बाय दहा, ८० चौरस फूट. घराच्या एकूण कार्पेटच्या पावणेबारा टक्के. म्हणजे या एका खोलीची किंमत जवळपास पावणेनऊ लाख आणि हप्त्यातला तिचा वाटा महिन्याला सहा हजारांहून जास्त. खुर्ची, टेबल, इन्व्हर्टर, फायबरचं कनेक्शन वेगळं. गुरुवारी महावितरणची देखभाल निघाली की वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरही मोठा घ्यावा लागला. उन्हाळ्यात दिवसभर एसी लावला की युनिट्स वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि बिलाचा दरच बदलतो.

ही खोली मी का घेतली? कारण तेव्हा कंपनी म्हणत होती की आता जग बदललं, घरूनच काम. बिल्डरलाही ते बरोबर कळलं होतं. सॅम्पल फ्लॅटच्या स्टडीत खोटा लॅपटॉप, खोटी पुस्तकं आणि खरं मनी प्लांट ठेवलं होतं. सेल्सवाला म्हणाला, ‘‘सर, टू बीएचके आता आयटीवाल्याला पुरत नाही. अडीच घ्या.’’ आम्ही अडीच घेतलं.

२०२४मध्ये ताबा मिळाला. चार महिन्यांनी मेल आला : पुढच्या पंधरा दिवसांत आठवड्यातून तीन दिवस ऑफिस सक्तीचं.

यावर मित्र म्हणतात, मग प्रश्न सुटला की, स्टडी रिकामी झाली. नाही झाली. ऑफिसात आता माझी ठरलेली जागा नाही. ॲपवरून आदल्या दिवशी टेबल बुक करावं लागतं, कारण माणसांपेक्षा टेबलं कमी आहेत. ती कमी का आहेत? कारण उरलेले दोन दिवस आणि रोजचे रात्रीचे कॉल माझ्या घरातून होणार, हे कंपनीने धरूनच ठेवलं आहे. तिच्या जागेच्या नियोजनात माझी स्टडी आहे, खर्चाच्या वहीत मात्र नाही.

आणि सरकारच्या वहीतही नाही. फ्रीलान्सर किंवा व्यवसाय करणारा माणूस घरातल्या ऑफिसचा खर्च उत्पन्नातून वजा दाखवू शकतो. पगारदाराला तशी सोय नाही. त्याला मिळतं ते सरसकट स्टँडर्ड डिडक्शन, मग तुम्ही घरून काम करा नाहीतर करू नका. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट आहे, नव्या प्रणालीत तीही नाही. जगात सगळीकडे असंच चालतं असं समजू नका. स्पेनने २०२० साली घरून कामाचा कायदा केला आणि त्यात उपकरणांचा व कामाचा खर्च मालकाने उचलायचा हे लिहून टाकलं. कॅलिफोर्नियात कामासाठी लागणारा आवश्यक खर्च कर्मचाऱ्याला परत देणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे रात्री साडेनऊच्या कॉलवर पलीकडे कॅलिफोर्नियातला कुणी असेल, तर त्याच्या इंटरनेटचा खर्च मागायचा त्याला हक्क आहे. मला नाही.

‘‘एवढा पगार घेता, आणि खोलीचं रडता?’’ हा प्रश्न येणार, आणि तो चुकीचा नाही. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला खोलीच नाही, एक केबिन आहे. पण पगार कामाचा असतो, जागेचा नाही. उद्या कंपनीने सांगितलं की सर्व्हरसुद्धा प्रत्येकाने घरी ठेवा, तर आपण पगाराकडे बोट दाखवून गप्प बसू का? आणि जिथे बऱ्या पगाराचा माणूस तोंड उघडत नाही, तिथे वीस हजारांवर घरून सपोर्टचे फोन घेणारी, चाळीतल्या एका खोलीत भावंडांना बाहेर काढून शिफ्ट करणारी मुलगी काय बोलणार?

‘‘प्रवास तर वाचला ना?’’ वाचला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधले रोजचे दोन तास वाचणं ही खरीच मोठी गोष्ट आहे, आणि मला घरून काम आवडतं. पण वाचलेल्या दोन तासांपैकी दीड तास कंपनीच्याच कॅलेंडरमध्ये गेला, हे आपण सगळे जाणतो.

‘‘घर ही गुंतवणूक आहे.’’ राहतं घर विकून माणूस जाणार कुठे? दुसऱ्या घरात, तेही तेवढंच महागलेलं.

एक गोष्ट माझ्याविरुद्धही सांगायला हवी. बायकोही आयटीतच आहे. पगार जवळपास सारखा, कॉल माझ्यापेक्षा जास्त. तरी स्टडीत मी बसलो आणि ती डायनिंग टेबलावर. आमच्यात यावर कधी चर्चाही झाली नाही. ताब्याच्या दिवशी माझं टेबल आत गेलं आणि विषय संपला. कंपनीला दोष देताना हे लपवलं तर लेख खोटा होईल. जागा फुकट मिळाली की कुणीच विचारत नाही ती कुणाची होती. कंपनी विचारत नाही, आणि मीही विचारलं नव्हतं.

मग करायचं काय? घर बघत असाल तर खोल्या माणसांच्या हिशोबाने मोजा. कोण राहणार, कोण येऊन-जाऊन असणार, म्हातारपणी कोण येणार. कंपनीचा आजचा मेल वीस वर्षांच्या कर्जाचा आधार होऊ शकत नाही. आपल्याला नोकरी सोडायला नव्वद दिवसांची नोटीस लागते, त्यांना आपलं कामाचं ठिकाण बदलायला पंधरा दिवस पुरतात.

आणि ऑफर लेटर हातात आलं की एचआरला विचारा : कामाचं ठिकाण कोणतं, ते पत्रात लिहिणार का? घर असेल तर जागेचा, विजेचा, इंटरनेटचा भत्ता किती? ठिकाण बदललं तर किती दिवस आधी कळवणार? मी मागच्या महिन्यात आमच्या एचआरला हे तीन प्रश्न मेलवर विचारले. उत्तर आलं, ‘पॉलिसीत अशी तरतूद नाही.’ एकट्याने विचारलं की हेच उत्तर येतं. आमच्या टीममध्ये अकरा जण आहेत. आता तोच मेल पाच जणांनी पाठवलाय, बाकीचे अप्रेझल होण्याची वाट बघतायत.

दरम्यान स्टडीतलं टेबल मी बेडरूमच्या खिडकीपाशी हलवलं. एक मॉनिटर विकला. आता ते टेबल दोघांचं आहे, ज्याचा कॉल महत्त्वाचा तो तिथे बसतो आणि यावर रोज भांडण होतं. स्टडीत एक दिवाण टाकलाय. परवा आई आली, तर सवयीने पिशवी हॉलमध्येच ठेवली. तिला म्हटलं, ‘‘आई, आत ठेव. ती तुझी खोली आहे.’’

तिने आधी विचारलं, ‘‘मग तुझं ऑफिस?’’